दादांनी चहा सोडला का?

मी नेमकी काय नोकरी करत होते, हे कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना शेवटपर्यंत कळलं नाही. ‘कॉम्प्युटरवर बसते’ एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं. आमच्या यजमानांनाही कळलं नव्हतं. ते एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. लोक फुकटात व्हिडिओ बघतात, मग त्याबद्दल तक्रार करतात, आणि त्या तक्रारीला उत्तर लिहायचा मला पगार मिळतो, हे ऐकून ते म्हणाले होते, “आवडत नाही तर बघतात कशाला?” हा प्रश्न मी नोकरीभर मनात घोळवला. या अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहा म्हटलं तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं, की मी उत्तरं द्यायची नोकरी केली खरी, पण मला स्वतःला फारशी उत्तरं सापडलेली नाहीत. ते म्हणाले, मग तेच लिहा.

त्याआधी मी तळोज्याला मिक्सर बनवणाऱ्या एका कारखान्यात तक्रार विभागात होते. तिथे तक्रारीला अंग असायचं. माणूस पिशवीतून मिक्सर घेऊन यायचा, टेबलावर ठेवायचा, आणि खोबरं वाटताना जळका वास येतो म्हणायचा. आपण झाकण उघडायचं, वास घ्यायचा, आणि खरंच यायचा. कारखाना गुजरातेत हलला आणि मी घरी बसले. मग एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, की पावण्याला एका मराठी तंत्रज्ञानविषयक वेबसाइटला वाचकांशी बोलणारं माणूस हवंय. वेबसाइटचं नाव इथे देत नाही. ती अजून चालू आहे आणि तिथली माणसं मला बाजारात भेटतात.

हा धंदा काय, ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची वेबसाइट फोन, टीव्ही, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन यांच्याबद्दल साध्या मराठीत लिहायची आणि व्हिडिओ करायची. कुठला घ्यावा, कसा वापरावा, बिघडला तर काय करावं. लोक व्हिडिओखाली लिहायचे, ईमेल करायचे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे. माझं काम ते सगळं ऐकायचं, वाचायचं, उत्तर द्यायचं, आणि आठवड्यातून एकदा समीर सरांना, म्हणजे मालकांना, ‘लोकांचं म्हणणं काय’ ते सांगायचं.

आता लोकांचं म्हणणं काय, ही मोठी गंमत होती. एकाच व्हिडिओखाली एकजण लिहायचा की आवाज फार मोठा आहे, आणि त्याच्याच खाली दुसरा लिहायचा की काही ऐकूच येत नाही. पार्श्वसंगीत काढलं तर व्हिडिओ सुना सुना वाटतो, घातलं तर डोकं उठतं. एका गृहस्थांनी आम्हाला कळवळून लिहिलं, की व्हिडिओ नको, लिहून द्या, आम्हाला सावकाश वाचायचं असतं. आम्ही मुद्दाम लिहून दिलं. तर त्यांचं उत्तर आलं, की हे कोण एवढं वाचत बसणार, व्हिडिओ करा. पनवेलचे एक आजोबा दर वेळी माफी मागायचे. जेवायला हाक आली म्हणून तुमचं बोलणं अर्धवट ठेवून उठावं लागलं, कृपया राग मानू नये. त्यांना मी दर वेळी लिहायचे, की राग नाही, सावकाश या. याहून वेगळं काय लिहिणार?

अशा ठरावीक निरोपांसाठी मी तयार उत्तरं करून ठेवली होती. कॉम्प्युटरवर दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य उमटायचं. पण ती वाक्यं माझी होती, मी जीव लावून लिहिलेली. ‘कृपया नोंद घ्यावी’ असलं काही त्यात नव्हतं. मला त्यांचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजून आहे.

व्हिडिओत दिसायचा तो नीलेश भोईर. तिशी ओलांडलेला, पावणे गावातलाच. आमच्याकडे येण्याआधी मोबाइल दुरुस्ती करायचा. बोलणं संथ, हात त्याहून संथ. आमचं ऑफिस एका लेथ वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली यंत्रं सुरू असली की वर टेबलावरचं पाणीसुद्धा थरथरायचं. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त खालच्या लोकांची चहाची सुट्टी झाली की व्हायचं. ती सुट्टी नावाला पाव तासाची होती, संपायची त्यांच्या मर्जीने. टपरीवरून खाली चहा जायचा तेव्हाच वरही यायचा. म्हणून नीलेशच्या सगळ्या जुन्या व्हिडिओंमध्ये टेबलावर चहाचा ग्लास दिसतो. फोन अपडेट करायचा व्हिडिओ असला तर तो बटणं दाबायचा, फोनचा पडदा काळा झाला की फोन टेबलावर थोडा पुढे सरकवायचा, आणि ग्लास उचलायचा. मग चहा पीत गप्पा. आज खाडीला भरती कधी, मावशीने निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, कशा केल्या, गावातला कुत्रा कुणाला चावला. फोन पुन्हा लागला, म्हणजे पडदा उजळला, की ग्लास खाली ठेवून पुढचं सांगायचा. मध्ये काही कापत नव्हतो, कारण कापता येणारं माणूसच आमच्याकडे नव्हतं.

मग आलं. ऋतुजा नावाची चुणचुणीत मुलगी, संकलन शिकून आलेली. त्याच सुमाराला समीर सरांनी वाचकांना विचारलं, की आमच्या व्हिडिओंबद्दल तुमचं मत कळवा. मत म्हणाल तर धो धो आलं. आणि पहिल्यांदाच, नोकरीत पहिल्यांदाच, सगळ्यांचं एकमत होतं. व्हिडिओ लांब आहेत.

मला तर बाई हायसं वाटलं. इतक्या वर्षांनी एक स्वच्छ तक्रार मिळाली होती. मी तसं सरांना सांगितलं. ऋतुजाने जुने व्हिडिओ एकेक करून छाटले. फोन अपडेटचा व्हिडिओ आमचा सगळ्यात जास्त बघितला जाणारा. जुन्या फोनवर पैसे घेण्याचं ॲप चालेनासं झालं की लोकांना तो लागायचाच. ऋतुजाने त्यातली भरती काढली, निवट्या काढल्या, कुत्रा काढला. नीलेश बटण दाबतो, पडदा काळा होतो, त्यावर ठळक अक्षरांत ‘फोन पुन्हा सुरू होईपर्यंत थांबा’ असं येतं, आणि फोन सुरू. माहितीचा एक शब्द गाळला नव्हता. ‘तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं’ अशी पाटी आम्ही वेबसाइटवर झळकवली. लोकांनी लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पाडला. नीलेश एकटा जरा हिरमुसला होता, पण तोही म्हणाला, “बरं झालं काकी, माझी बडबड कोन ऐकनार.”

त्यानंतर निरोप यायला लागले, की तुमचा व्हिडिओ बघून फोन अपडेट केला आणि फोन मेला.

पहिला आला तेव्हा मी तो फोनचा दोष धरला. दुसऱ्याला विचारलं, बॅटरी पुरेशी होती का. होती. मग उरणहून, दिघ्याहून, थेट आमच्या साताऱ्याकडच्या एका मास्तरांचाही आला. सगळ्यांचं म्हणणं एकच. तुमच्या माणसाने जसं दाखवलं तसंच केलं. मी, ऋतुजा आणि नीलेश जुना आणि नवा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बसलो. बटणं तीच, क्रम तोच, शब्द तेच. जुना बघून कुणाचा फोन कधी मेला नव्हता. नवा बघून मरत होते. ऋतुजा म्हणाली, “काकू, मी भुतं मानत नाही, पण आता मानावी लागतील.”

तेव्हाच दुसऱ्या प्रकारचे निरोपही येत होते. ते मी वेगळे ठेवायचे, त्यांना मी प्रेमाचे निरोप म्हणायचे. दादा दिसत नाहीत, बरे आहेत ना? दादांनी चहा सोडला का? दादांना साखर झाली का? मला कौतुक वाटायचं. एवढी भांडणं चालली असताना लोकांना नीलेशच्या तब्येतीची काळजी! त्यांच्यासाठी मी एक तयार उत्तर केलं: ‘दादांची तब्येत उत्तम आहे. तुमची आपुलकी त्यांच्यापर्यंत पोचवली आहे.’ आणि खरंच पोचवायचे. नीलेशला त्यातल्या त्यात बरं वाटायचं.

कारण बाकी त्याचं काही बरं चाललं नव्हतं. समीर सरांनी सरळ हिशेब मांडला. व्हिडिओत बोलणारा माणूस एक, म्हणजे चूक त्याची. काय चूक, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. सर माणूस चांगले, पण गोंधळले की आवाज चढवायचे. पुढच्या महिन्यापासून नीलेशच्या जागी दुसरा माणूस घ्यायचा असं त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं. नीलेशच्या मनाला नोकरीपेक्षा दुसरीच गोष्ट लागली होती. पावणे, दिवाळे, सारसोळे, सगळीकडे त्याचे नातेवाईक. ‘व्हिडिओवाला नीलेश’ म्हणून लग्नात त्याला पुढे बसवायचे. आता लोक मेलेले फोन घेऊन त्याच्या आईकडे यायला लागले. ती बिचारी सगळ्यांना पाणी द्यायची आणि फोन कपाटात ठेवायची. एक दिवस तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“काकी, नोकरी गेली तर दुसरी भेटंल,” तो म्हणाला. “पन गावात मी फोन मारनारा झालो. हे नाव कसं पुसायचं?”

मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी मनात कुठेतरी येत होतं, की एवढे लोक सांगतायत म्हणजे काहीतरी चुकत असेलच की याचं. दोन्ही खरं वाटायचं. मी घरी जाऊन भाजीत दोनदा मीठ घालायचे.

शेवटी मी तक्रार करणाऱ्यांना एकेक करून फोन लावले. म्हणजे त्यांच्या मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना, कारण त्यांचे स्वतःचे फोन तर बंद. उत्तर तेच. तुम्ही सांगितलं तसं केलं. साताऱ्याकडच्या मास्तरांनी तर मला व्हिडिओ तोंडपाठ म्हणून दाखवला. राहिल्या दिवाळे गावच्या हिराकाकू. मासळी विकणाऱ्या, नीलेशच्या आईच्या माहेरच्या ओळखीतल्या. त्यांनी शेजारणीच्या फोनवरून एवढंच बोलून पाठवलं होतं, की मेलेल्या फोनचं फोनवर काय सांगू, इकडे या. मी नीलेशला म्हटलं, चल. तो नको म्हणत होता. पण रिक्षात बसला.

बाजार उठत आला होता. हिराकाकूंच्या पाटीत थोडे बोंबील आणि दोन पापलेट उरले होते. माझ्याशी त्या नीट बोलल्या, नीलेशकडे मात्र बघेनात. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही त्या मलाच द्यायच्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही नेमकं काय केलंत ते मला करून दाखवा.

त्यांनी दुसरी एक रिकामी पाटी उपडी घातली. शेजारच्या पुष्पाकडून तिचा फोन मागून घेतला, कारण ज्या फोनला अपडेट करायचं त्याच्यावर व्हिडिओ कसा बघणार? हे इतकं साधं होतं आणि आमच्या ऑफिसात ते कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक टेबलावर तीन-तीन पडदे. पुष्पाचा फोन पाटीवर, त्याच्या शेजारी आपला मेलेला फोन. पुष्पा हात धुऊन बाजूला उभी, तिला फोन परत हवा होता. हिराकाकूंनी आमचा व्हिडिओ लावला आणि दोन्ही फोनवर बोट ठेवत सांगू लागल्या. इथे त्याने दाबलं, इथे मी दाबलं. इथे त्याचा काळा झाला, इथे माझा काळा झाला. आणि बघा, त्याचा लागला. माझा नाही लागला.

मी म्हटलं, पण काकू, तिथे लिहिलंय ना, थांबा म्हणून.

“थांबले ना मी,” त्या म्हणाल्या. “त्यानं दावला त्याच्या दुप्पट थांबले. आनखी किती थांबू? मग दाबला बटन. परत दाबला. मग मेलाच तो.”

मी नीलेशकडे पाहिलं. तो पाटीवरच्या फोनकडे बघत होता. व्हिडिओतला त्याचा फोन निमिषात उजळला होता. हिराकाकूंनी मात्र अपडेट चालू असतानाच बटण दाबलं होतं.

“आदी बरा होता ह्याचा,” हिराकाकू म्हणाल्या, अजून माझ्याकडेच बघत. “हा चाय प्यायचा. हा चाय पी तवर मी माझी मासली साफ करायची. ह्यानं गलास खाली ठेवला, का माझा बी फोन लागायचा. आता चायच नाय. मी तुमाला इचारलं पन, दादानी चाय सोडली का. तर तुमी लिवलं, तब्येत बरी हाय.”

कोळणींच्या त्या बाजारात, बोंबलाच्या वासात, मी अगदी मठ्ठासारखी उभी राहिले. दादांनी चहा सोडला का. किती जणांनी विचारलं होतं मला. आणि मी प्रत्येकाला नीलेशची तब्येत कळवत होते. ते लोक मला सांगत होते, की बाई, तुमच्या व्हिडिओतलं घड्याळ कुणीतरी काढून नेलंय, आणि मी त्यांच्या आपुलकीबद्दल आभार मानत होते. बरं, त्यांना तरी माहीत होतं का, की ते घड्याळ होतं? मला नाही वाटत. त्यांना नुसतं चुकल्यासारखं होत होतं. हिराकाकूंनाही मी तो प्रश्न विचारून बघितला, की तुम्ही तेव्हा चहाचं का विचारलंत, फोनचं का नाही? त्या म्हणाल्या, फोनचं पण विचारलं की नंतर. दोन वेगळ्या गोष्टी होत्या त्यांच्या लेखी. म्हणजे आम्ही तिघंही तिथे सारखेच गोंधळलेले होतो.

नीलेशने तो फोन हातात घेतला. कुठलीशी बटणं एकत्र दाबून धरली, मग चार्जर मागितला, पुष्पाच्या ओळखीच्या दुकानात तो लावला, आणि तिथेच पायरीवर बसला. माझा जीव टांगणीला लागला होता. फोन उठला नाही तर हिराकाकूंचं नुकसान तर होतंच, पण नीलेशलाही त्या बाजारात परत तोंड दाखवता आलं नसतं. असे काही फोन उठतात, काही उठत नाहीत, आणि का, ते मी आजवर धड समजून घेऊ शकलेले नाही. हिराकाकूंनी बोंबील विकले, पाटी धुतली. मग कुणीतरी चहा आणला. नीलेशने घेतला, आणि त्याचा ग्लास अर्धा झाला असेल नसेल, फोन लागला.

हिराकाकू पहिल्यांदा त्याच्याकडे वळल्या. “मंजे तुझी चूक नव्हती,” त्या म्हणाल्या. आणि मग जरा वैतागून, “आता मला सगल्यांना परत सांगाला लागंल.”

नीलेश हसला नाही. मान खाली घालून चहा संपवत राहिला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते हिराकाकूंनीही पाहिलं, कारण त्यांनी त्याला राहिलेले दोन पापलेट बळेच बांधून दिले.

ऑफिसात येऊन मी समीर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे चहा हे फीचर होतं?” मी म्हटलं, असेल. ऋतुजाला फार वाईट वाटलं, पण तिचंही काय चुकलं होतं? लोकांनी लांब म्हटलं, तिने आखूड केलं. तिने आधी पडद्यावर मिनिटं मोजणारं घड्याळ लावून पाहिलं. त्यावर निरोप आले, की आकडे पळताना बघून भीती वाटते, शून्यावर आल्यावर फोन फुटणार तर नाही ना. मग मोठ्या अक्षरांत ‘पंधरा मिनिटं थांबा’ लिहून पाहिलं. त्यावर विचारणा झाली, कधीपासूनची पंधरा? शेवटी भरती, निवट्या आणि कुत्रा, सगळं जसंच्या तसं परत घातलं. फोन मरायचे थांबले. आणि दोन आठवड्यांत निरोप यायला लागले, की व्हिडिओ फार लांब आहेत. पाठवणाऱ्यांत साताऱ्याकडचे मास्तरही होते.

नीलेशची जागा राहिली. दुसऱ्या माणसाला सरांनी ‘नको’ म्हणून कळवलं. पण ‘माझं चुकलं’ असं काही सर नीलेशला म्हणाले नाहीत. आवाज चढवायचा तेवढा थांबवला. नवीन व्हिडिओंमध्येही चहा हवा असं ठरलं. ग्लास कॅमेऱ्याला दिसेल असा ठेवायचा, घोट बेताने घ्यायचे, फोन लागेपर्यंत पुरवायचा. एकदा ऋतुजाने त्याला सांगितलं, की दादा, मघाचा घोट जरा मोठा झाला, परत घेऊ या. नीलेशने परत घेतला. रेकॉर्डिंग झाल्यावर ग्लास तसाच ठेवून तो खाली गेला आणि टपरीवर उभा राहून दुसरा चहा प्यायला. मी खिडकीतून बघत होते.

त्या वर्षीच त्याने नोकरी सोडली आणि पावण्यातच, गावाच्या तोंडाशी, दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. मी त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, ते ठरवता येत नाही. तो सुखात आहे, म्हणजे दिसतो तरी. पण त्याच्यासारखं बोलणारं आमच्याकडे नंतर कुणी आलं नाही. गेल्या गणपतीनंतर मीही निवृत्त झाले. निरोप समारंभात सरांनी सांगितलं, की काकूंची उत्तरं आम्ही जपून ठेवणार आहोत. मला भरून आलं होतं.

आता लिहायचं ते मागच्याच महिन्यातलं आहे. माझ्या फोनवर पैसे देण्याचं ॲप चालेना. फोन जुना, अपडेट करायला हवा. मी तर या विषयातली जाणकार. शेजारच्या शिंदेवहिनींचा फोन मागून आणला, डायनिंग टेबलावर माझ्या फोनशेजारी ठेवला, आणि आमचा व्हिडिओ लावला. वहिनी दारातच उभ्या होत्या, त्यांना सिलिंडर नोंदवायचा होता.

व्हिडिओ परत बदलला होता. आवाज कॉम्प्युटरचा, कुठेही श्वास न घेणारा. हात मात्र नीलेशचे होते. जुन्या व्हिडिओतले त्याचे नुसते हात ठेवले होते, मनगटापर्यंत. करंगळीवरची सोल्डरिंगच्या चटक्याची खूण मी ओळखली. हातांनी बटण दाबलं, मी दाबलं. त्यांचा पडदा काळा झाला, माझा झाला. त्यांचा लागला. चहा कुठेच नव्हता. वहिनी म्हणाल्या, “झालं का हो?” मी म्हटलं, झालंच. माझा फोन काळाच होता. मी थांबले. चांगली थांबले. सगळं मला ठाऊक होतं, का थांबायचं, किती थांबायचं, न थांबल्याने काय होतं. हिराकाकूंच्या पाटीशी उभी राहिलेली बाई मीच ना? आणि मी बटण दाबलं. मग परत दाबलं.

वहिनींच्याच फोनवरून मी आमच्या वेबसाइटला निरोप लिहिला. खरं तर मला लिहायचं होतं, की तुम्ही परत तीच चूक केलीत, फोन मरतील. पण कुणास ठाऊक का, बोटांनी लिहिलं, ‘दादांनी चहा सोडला का?’ लगेच उत्तर आलं, माणूस एवढ्या लवकर वाचूही शकत नाही.

‘दादांची तब्येत उत्तम आहे. तुमची आपुलकी त्यांच्यापर्यंत पोचवली आहे.’

वाक्य चांगलं होतं. माझंच होतं. मी वहिनींना फोन परत दिला, पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा करून पावण्याला गेले.

नीलेश काउंटरमागे कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. मी माझा फोन काचेवर ठेवला. त्याने तो उलटसुलट बघितला आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

“काकी, बटन दाबलं का?”

“दाबलं,” मी म्हटलं.

त्याने फोन चार्जरला लावला, बटणं दाबून धरली, फोन काचेवर थोडा पुढे सरकवला, आणि समोरच्या टपरीला हाताने दोनची खूण केली. मी विचारलं, उठेल का रे? किती वेळ लागेल? चहा आला. त्याने एक ग्लास माझ्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः उचलला, आणि म्हणाला, खाडीला आज भरती उशिरा हाय. मी फोनकडे न बघता चहा प्यायला लागले.